दोन खाटा

"पुढच्या गुरुवारी या," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "आजचे नंबर संपले."

खिडकीतून आत आलेला हात तसाच राहिला. हातात ओळखपत्र होतं, कडा झिजलेलं. तिनं ते बोटानं हलकेच बाहेर सरकवलं.

"ताई, मी आहे."

तिनं वर पाहिलं. काचेपलीकडे तिचा धाकटा भाऊ उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल इतका ढगळ. त्याला आधी तिच्यातल्या नर्सनं पाहिलं, बहिणीनं नंतर. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर जात होते.

"तू कधीपासून उभा आहेस इथं?"

"सकाळपासून."

"आणि मला हाक मारायला काय झालं होतं?"

"रांग होती ना," तो म्हणाला. "सगळे उभे होते. मीपण राहिलो."

त्याच्या मागं अजून माणसं होती. कुणी काठीवर, कुणी बायकोच्या खांद्यावर भार टाकून. नंबर संपले हे ऐकूनही कुणी हललं नव्हतं. सिस्टरनं भावाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या हाताशी डॉक्टरांच्या खोलीचं दार होतं. आत नेऊन बसवायला एक मिनिट लागलं नसतं.

"मी येतो पुढच्या गुरुवारी," भाऊच म्हणाला. "एवढी काही घाई नाही."

आणि तिनं त्याला जाऊ दिलं.

माजी सैनिकांच्या त्या रुग्णालयात सिस्टरची सगळी नोकरी गेली होती. आधी वॉर्ड, मग ऑपरेशनची खोली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर बाह्यरुग्ण विभागाची ही खिडकी. खिडकीवर तिचा एकच कायदा होता, मधे घुसायचं नाही. एकदा एका मोठ्या निवृत्त अधिकाऱ्यानं आपल्या माणसाला पुढं पाठवून नंबर मागितला, तेव्हा तिनं निरोप धाडला होता की साहेबांना सांगा, बाकावर जागा आहे, येऊन बसा. साहेब खरोखरच येऊन बसले होते. ही गोष्ट रुग्णालयात फार दिवस फिरत राहिली आणि दर फेरीला साहेबांचा हुद्दा वाढत गेला. ऑफिसातले लोक तिला पाठीमागं हेडमास्तरीण म्हणत. रांगेतली माणसं मात्र तिच्या खिडकीवर निर्धास्त असत. उशीर होईल, पण आपला नंबर कुणी पळवणार नाही एवढी खात्री असायची.

भाऊ मिसरूड फुटायच्या वयात सैन्यात गेला होता. डोंगर फोडून रस्ते आणि बोगदे करणाऱ्या तुकडीत. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, उडवायचं, धुरळा बसायच्या आत पुन्हा आत जायचं. रजेवर आला की आई त्याचे कपडे दोनदा धुवायची आणि तरी बादलीतलं पाणी राखाडी. खोकला तेव्हापासूनच होता. "डोंगर आलाय बरोबर थोडा," असं तो हसून सांगायचा. निवृत्त झाल्यावर एका शाळेच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. मुलांना तो आवडायचा, कारण उशिरा येणाऱ्यांना तो ओरडत नसे. आता ओरडायचं म्हटलं तरी त्याच्याकडे तेवढा श्वास नव्हता.

पुढच्या गुरुवारी छातीच्या डॉक्टरांनी त्याचा एक्सरे दिव्यासमोर धरला. हे डॉक्टर दुसऱ्या गावाहून आठवड्यातून एकदाच यायचे. त्यांनी भावाला बाहेर बसायला सांगितलं आणि सिस्टरला थांबवलं.

"मला हे आवडलेलं नाही, सिस्टर. स्कॅन लगेच करून घ्या."

"आपलं मशीन बंद आहे, डॉक्टर."

"अजून?"

"सुट्या भागाची मागणी गेलीय."

"कधी?"

"तुम्ही इथं यायला लागायच्या आधी."

डॉक्टर हसले. मग आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खाली बघून बाहेरच्या केंद्रात स्कॅन करायची शिफारस लिहून दिली.

शिफारस वरच्या मजल्यावर बाह्य उपचार कक्षात गेली आणि तिथून परत आली. डॉक्टरांनी सही अधीक्षकांच्या जागी केली होती. नवीन सही हवी, तर डॉक्टर गुरुवारी येणार. त्या गुरुवारी त्यांना कसल्याशा शिबिरात भाषणाला पाठवलं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सही झाली, तेव्हा कक्षानं कळवलं की एक्सरे जुना झाला, नवा काढून जोडा.

सिस्टर स्वतः जिना चढून वर गेली. कक्षाच्या टेबलामागं एक तरुण कारकून बाई बसली होती. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कोणत्या डॉक्टरकडे जावं हे सिस्टरनंच तिला सांगितलं होतं.

"एक्सरे जुना झाला कारण तुम्ही कागद परत पाठवलात," सिस्टर म्हणाली.

"ते खरं आहे."

"मग?"

"पण आता जुना झालाय ना, सिस्टर," ती कारकून बाई मनापासून वाईट वाटून म्हणाली. "मी पुढं पाठवला तरी तिकडून परत येईल. आणखी वेळ जाईल. तुम्हाला तर नियम माहीत आहेत."

हे वाक्य सिस्टर स्वतः खिडकीतून रोज किती जणांना म्हणत आली होती, आणि ते याच आवाजात म्हणत असे. बाहेरून ते कसं लागतं हे तिला आज कळलं.

शेवटी तिनं आपल्या पैशानं भावाचं स्कॅन एका खाजगी केंद्रात करून घेतलं. अहवाल हातात आला तेव्हा तो वाचायला तिला डॉक्टर लागले नाहीत. उजव्या फुप्फुसात गाठ होती. तिनं तो अहवाल वर दिला. कक्षानं सांगितलं, केंद्र आपल्या यादीतलं नाही, अहवाल जोडता येणार नाही.

त्या संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. तो खुर्चीत बसून होता, पाठीला दोन उशा. आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणून आता तो तसाच झोपायचा. भावजयीनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि भाऊ तोंड धुवायला आत गेल्यावर समोर येऊन बसली.

"वन्सं, एक बोलू?"

"बोल की."

"हे रोज म्हणतात, ताई आहे तिथं, आपल्याला काय काळजी. मी ऐकून घेते. पण तुम्ही आत असून आमची ही गत, तर बाहेरच्यांनी करायचं काय?"

"मी करतेय गं प्रयत्न."

"ते दिसतंय मला. तुमचंही तोंड उतरलंय." ती थांबली. "तुम्ही फार नेमानं वागता. सगळे तेच सांगतात, कौतुकानं सांगतात. मला फक्त हे विचारायचं होतं, की यांचा नंबर यायच्या आत यांना काही झालं, तर तो नेम कुणाच्या कामाचा?"

आतून नळाचा आवाज थांबला. भावजय उठून कामाला लागली. भाऊ बाहेर आला, बहिणीकडे पाहून म्हणाला, "काय गं, हिनं डोकं खाल्लं ना तुझं?" आणि एवढं बोलून झाल्यावर बराच वेळ भिंतीला हात टेकून उभा राहिला.

स्कॅनचा घोळ छातीच्या डॉक्टरांनीच सोडवला. यादीतल्या केंद्राच्या डॉक्टरशी ते फोनवर भांडले आणि त्याच चित्रांवर त्याचा शिक्का घेतला. पण गाठीचा तुकडा काढून तपासायला आणि पुढच्या उपचारांना भावाला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायला हवं होतं. तिथं या रुग्णालयासाठी आठवड्याला दोन खाटा राखून ठेवलेल्या. दोनच. कुणाला कधी पाठवायचं ते ठरवणाऱ्या बाबूला सगळे खाटवाला म्हणत. तो वाईट माणूस नव्हता. दिवसभर लोक त्याच्यापुढं रडत आणि तो समोरच्याला चहा पाजून परत पाठवी. या कामानं त्याला चहाचं पित्त झालं होतं.

"सिस्टर," एका दुपारी तो तिला जिन्याखाली गाठून म्हणाला, "भावाचा नंबर बघितला मी. बराच लांब आहे."

"माहीत आहे."

"माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही किती केलंत ते मी विसरलेलो नाही." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "येत्या सोमवारची एक खाट हलवता येते. त्या ड्रायव्हरची. त्याला थोडा मागं टाकतो. गाठ त्यालाही आहे, नाही असं नाही. पण तो अजून हिंडता फिरता आहे."

ड्रायव्हरला सिस्टर चांगली ओळखत होती. सैन्यात ट्रक चालवलेला, रुंद खांद्यांचा माणूस. त्याच्या घशात गाठ होती आणि आवाज पार गेला होता. "इंजिन ठीक आहे, सिस्टर, फक्त हॉर्न बसलाय," असं तो घोगऱ्या आवाजात सांगायचा आणि बायको बाजूला उभी राहून "पुरे झाले विनोद" म्हणायची. दोघं लांबच्या गावाहून यायची. सोमवारी नंबर लागला हे सिस्टरनंच त्यांना सांगितलं होतं, आणि बायकोनं कधी नव्हे तो खिडकीतून हात घालून तिचा हात दाबला होता.

"काय करू?" खाटवाल्यानं विचारलं.

सिस्टर काही बोलली नाही. "नको" म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ती तिथं उभी राहिली. मग खिडकीशी परत आली आणि पुढचा नंबर पुकारला. खाटवाल्यानं त्याचा अर्थ लावला.

शनिवारी ड्रायव्हर आणि त्याची बायको मोठ्या रुग्णालयात दाखवायचा कागद घ्यायला आली. सोमवारपर्यंत इथंच भाच्याकडे राहायचं म्हणून बरोबर कपड्यांची पिशवी होती.

"तुमची तारीख पुढं गेलीय," सिस्टर म्हणाली.

"का?" बायकोनं विचारलं.

"वरून बदल आलाय."

"वरून म्हणजे कुठून? तुम्हीच सांगितलं होतं ना सोमवार म्हणून? आम्ही मागं सगळी सोय लावून आलोय. लेकीला घरी आणून ठेवलंय."

"मला जेवढं कळलं तेवढं सांगतेय."

ड्रायव्हर काचेतून तिच्याकडे बघत होता. फार वेळ नाही, पण सिस्टरनं समोरचा पेन उचलला, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"चल," तो बायकोला म्हणाला. "या सांगतायत म्हणजे असेल काहीतरी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी खिडकी सोडली नसती."

ती दोघं निघून गेली. सिस्टरनं पुढच्या माणसाला नंबर दिला. तो चुकीचा होता हे त्या माणसानंच तिच्या लक्षात आणून दिलं.

सोमवारी पहाटेऐवजी जरा उजाडल्यावरचीच बस तिनं धरली, म्हणजे भावाला थंडी बाधू नये. भाऊ खिडकीशी बसला. गावाबाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "माझा नंबर इतक्यात कसा लागला गं?"

"लागला."

तो बाहेर बघत राहिला. एका चढावर बसचा वेग मंदावला तेव्हा म्हणाला, "त्याला सांगितलंस का?"

"कुणाला?"

"ज्याचा होता त्याला."

"तारीख पुढं गेली एवढं सांगितलं."

भावानं मान हलवली. बरं केलंस किंवा वाईट केलंस, काहीच म्हणाला नाही. लहानपणी तिनं त्याच्यासाठी कुणाच्या तरी बागेतले पेरू चोरून आणले होते, तेव्हाही तो असाच गप्प बसला होता आणि पेरू त्यानं खाल्ले होते. बाटलीतलं पाणी तिनं पुढं केलं. ते तो प्यायला.

मोठ्या रुग्णालयात सगळं झटपट झालं. इतकं झटपट की सिस्टरला त्याचाच राग आला. लख्ख फरशी, चालू मशीन, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर धावणारे कागद. तिथला तरुण डॉक्टर चित्रं एकामागून एक बघत गेला आणि म्हणाला, "इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

"रांगेत," भाऊ म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं. डॉक्टरनं मात्र खुर्ची मागं सरकवली आणि सिस्टरला बाहेर बोलावलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. औषधांनी त्रास कमी होईल. आणखी आधी आणलं असतं तर, असं त्यानं सुरू केलं. मग तिच्या अंगावरचा कामाचा पांढरा कोट बघून वाक्य तिथंच सोडून दिलं. सकाळी सवयीनं ती तो घालूनच घरातून निघाली होती.

परत आल्यावर ती अधीक्षकांना भेटली. नोकरीत पहिल्यांदाच ती त्यांच्या खोलीत न बोलावता गेली. अधीक्षक उठून उभे राहिले, तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही.

"साहेब, मशीन बंद आहे, छातीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा आणि खाटा दोन. एवढंच आहे माझं म्हणणं. याच्यात कुणाचा नंबर आधी आणि कुणाचा नंतर, हे ठरवायला तुम्ही मला त्या खिडकीत बसवलंय. मी आजपर्यंत समजत होते की मी न्यायानं वागते. मी नुसतं कोण आधी बुडणार ते ठरवत होते."

"तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं, सिस्टर."

"भावाचं नाही बोलत मी."

"वाढीव खाटांची मागणी आपण केलेली आहे," अधीक्षक म्हणाले. "तरी तुम्ही लिहून द्या. मी शिफारस करून पुढं पाठवतो."

"पुढं म्हणजे कुठं, साहेब?"

अधीक्षकांनी विचार केला. त्यांनी खरोखरच विचार केला, हे तिला दिसलं. वर छताकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं.

"पुढं," ते म्हणाले.

भाऊ एका दुपारी खुर्चीतच गेला, शाळा सुटायच्या वेळेला. भावजय शेजारी बसून भाजी निवडत होती. तिला आधी वाटलं, डोळा लागला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे इतके स्वस्थ दिसत होते.

शाळेतली मुलं येऊन गेली, त्याच्या तुकडीतले दोघं तिघं म्हातारे आले. त्यांतला एक तसाच खोकत होता. सिस्टरनं त्याला विचारलं, तपासून घेतलं का? तो म्हणाला, नाव घातलंय, नंबर लागायचाय. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ती कामावर परत गेली तेव्हा खिडकीबाहेर नेहमीसारखी गर्दी होती. नंबर वाटता वाटता एक ओळखीचा हात आत आला. ड्रायव्हर होता. गळ्याभोवती पांढरी पट्टी, खांदे उतरलेले. त्याची बायको मागं बाकावर बसली होती, खिडकीकडं पाठ करून.

"झालं ऑपरेशन?" सिस्टरनं विचारलं.

त्यानं मान हलवली. आवाज असा उरला नव्हता, नुसता वारा होता. ऐकायला तिला काचेला कान लावावा लागला.

"भाऊ गेले तुमचे असं कळलं."

"हो."

"त्या सोमवारी माझ्या जागी तेच गेले ना?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "खाटवाल्यानं सांगितलं?"

"नाही. बसस्टँडवर पाहिलं आम्ही तुम्हाला. भाच्याकडे दोन दिवस राहून आम्ही गावी परत निघालो होतो." तो थांबला. घशाला हात लावून थोडा दम घेतला. "हिला यायचं होतं तुमच्याकडे, भांडायला. मी धरून ठेवलं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे." हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. "पण तुम्ही त्यांना मागून आधार देऊन बसमध्ये चढवत होता. एकेका पायरीवर थांबत होते ते. मी गाडीत अशी माणसं नेलीत, सिस्टर. बघितलं की कळतं. तिथं येऊन काय भांडणार?"

मागच्या माणसानं पुढं वाकून पाहिलं. ड्रायव्हरनं ओळखपत्र आत सरकवलं. "टाके दाखवायचेत. कितवा आहे?"

चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्या हाताखाली होता. सकाळी न आलेल्या एका माणसाची चिठ्ठी वरच पडलेली होती, अगदी सुरुवातीच्या नंबरची. तिचं बोट त्या चिठ्ठीवर गेलं आणि थांबलं. ड्रायव्हरनं ते पाहिलं.

"माझा जो असेल तो द्या," तो म्हणाला.

तिनं त्याला त्याचा नंबर दिला. तो जाऊन बायकोशेजारी बसला. बायकोनं त्याच्या हातातली चिठ्ठी घेऊन पाहिली, आकडा वाचला आणि मुठीत ठेवून दिली. खिडकीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

दुपार कलली तेव्हा त्यांचा नंबर आला. नेहमी सिस्टर बसल्या जागेवरून पुकारायची. आज ती उठली, बाहेर आली आणि दोघांपाशी जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "चला."

डॉक्टरांच्या खोलीचं दार जड होतं. त्याला आपोआप मिटायची कळ बसवलेली, त्यामुळं ते आत जाणाऱ्याच्या अंगावर यायचं. सिस्टरनं ते पाठीनं रेटून उघडं धरलं. ड्रायव्हर आत गेला. त्याची बायको पिशवी सावरत सिस्टरच्या अगदी जवळून गेली, दोघींचे खांदे एकमेकींना लागले. आत ती त्याला खुर्चीवर बसवेपर्यंत, त्याची पट्टी नीट करेपर्यंत, सिस्टर दार धरून तशीच उभी राहिली.